अहवालात जंतू आहे, पण आजार कुठे आहे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नेहमीच्या आरोग्य तपासणीत लघवीचे कल्चर (नमुन्यातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याची तपासणी) केले गेले आणि त्यात 'ई. कोलाय, प्रति मिलिलिटर १ लाखाहून अधिक' असा निष्कर्ष आला. आपल्याला ताप नाही, जळजळ नाही, वारंवार लघवीला जावे लागत नाही. तरीही शरीरात जंतू शिरले असताना औषध का घेत नाही, असे घरातील मंडळी विचारत आहेत. म्हणून आपण विचारले आहे की, जंतू असूनही आजार नसणे शक्य आहे का आणि तसे असेल तर 'जंतूंमुळे आजार होतो' म्हणजे नेमके काय होते. मी बावीस वर्षे निदान प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्राचे काम करीत आहे. माझ्या मते आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी नीट समजला, तर पहिल्याचे उत्तर त्यातूनच मिळते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगतो. आपण गर्भवती असाल, किंवा मूत्रमार्गावर एखादी शस्त्रक्रिया अथवा दुर्बिणीची अशी प्रक्रिया व्हायची असेल की जिच्यात आतल्या अस्तराला इजा होऊन रक्त येऊ शकते, तर त्रास नसतानाही या जंतूवर उपचार करावे लागतात. गर्भारपणात असा जंतू तसाच राहिला, तर तो मूत्रपिंडापर्यंत चढण्याचा धोका बराच वाढतो. यांपैकी काही लागू नसेल आणि आपण अन्यथा निरोगी प्रौढ असाल, तर बहुतेक वेळा उपचार करू नयेत असाच वैद्यकीय संकेत आहे. अंतिम निर्णय अर्थात आपल्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचा. मी प्लेटवर वाढलेला जंतू पाहतो, ते माणूस पाहतात.

गोंधळाचे मूळ असे आहे की शिरकाव, वस्ती, संसर्ग आणि आजार या चार वेगवेगळ्या अवस्थांसाठी बोलताना आपण 'इन्फेक्शन' हा एकच शब्द वापरतो. आपल्या शरीरात स्वतःच्या पेशी अंदाजे ३० लाख कोटी आहेत आणि जिवाणू अंदाजे ३८ लाख कोटी. त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. साधारण दर तीन माणसांपैकी एकाच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा पुवाच्या गळवांना कारणीभूत ठरणारा जिवाणू मुक्कामाला असतो. न्यूमोनिया करणारा न्यूमोकॉकस कितीतरी धडधाकट लहान मुलांच्या नाका-घशात सापडतो. ही वस्ती झाली. जंतू ऊतींमध्ये शिरून वाढू लागला आणि शरीराने त्याची दखल घेतली, की संसर्ग झाला. त्या झटापटीत शरीराच्या कामकाजात जाणवण्याइतका बिघाड झाला, की तो आजार. पहिल्या पायरीवरून शेवटच्या पायरीवर जाणे अटळ नसते, आणि बहुतेक जंतू तिथपर्यंत कधीच पोहोचत नाहीत.

माझ्या उमेदवारीच्या काळात नाकातून घेतलेल्या एका नमुन्यात वाढलेला स्टॅफिलोकॉकस मी मोठ्या उत्साहाने, कोणती औषधे त्यावर लागू पडतील याच्या तक्त्यासह कळवला होता. रुग्णाला नाकाचा काहीच त्रास नव्हता. त्या तक्त्यातील एक औषध सुरू झाले आणि दहा दिवसांनी त्याच रुग्णाच्या जुलाबाचा नमुना माझ्याकडे आला, तेव्हा माझ्या अहवालाने केलेले काम माझ्या लक्षात आले. तेव्हापासून 'जंतू वाढला' या शब्दांपुढे नमुना कुठला होता आणि का घेतला होता, हे विचारल्याशिवाय मी सही करत नाही.

हा प्रश्न जुना आहे. जर्मन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जिवाणू दाखवला आणि पुढील दोन वर्षांत कॉलऱ्याचा. विशिष्ट रोगाला विशिष्ट जंतू कारणीभूत असतो, हे त्यांचे म्हणणे म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटनकोफर यांना मान्य नव्हते. १८९२ मध्ये, वयाच्या सत्तरीत, त्यांनी कॉलऱ्याच्या जिवाणूंचे द्रावण स्वतः पिऊन दाखवले, आणि जठरातील आम्लाची सबब कोणी सांगू नये म्हणून त्याआधी सोडाही घेतला. त्यांना किरकोळ जुलाबांपलीकडे काही झाले नाही. त्यांनी यातून जंतूचे महत्त्व नाकारले, आणि ते चुकले. परंतु त्यांच्या प्रयोगातले निरीक्षण खोटे नव्हते. जंतूवाचून कॉलरा होत नाही, पण केवळ जंतू आला म्हणून तो होतोच असे नाही. निरोगी माणूसही जंतूचा वाहक असू शकतो हे पुढे कॉख यांनाही मान्य करावे लागले, आणि एखादा जंतू रोगाचे कारण आहे हे ठरवण्यासाठी घातलेली 'निरोगी शरीरात हा जंतू सापडता कामा नये' ही अट त्यामुळे सैल झाली.

मग फरक कशाने पडतो? सर्वांत आधी मात्रेने आणि वाटेने. आमांश करणारे शिगेला जिवाणू दहा ते शंभर इतके थोडे पोटात गेले तरी पुरतात, कारण जठरातील आम्लाला ते चांगले तोंड देतात. कॉलऱ्याच्या जिवाणूला ते आम्ल सोसवत नाही. स्वयंसेवकांवरील प्रयोगांत निरोगी माणसाला आजारी पाडण्यासाठी तो दहा कोटींच्या घरात लागला, आणि आम्ल निष्प्रभ केल्यावर तोच आकडा दहा हजारांच्या आसपास उतरला. वाटेचे महत्त्व सांगण्यासाठी धनुर्वाताचे उदाहरण पुरेसे आहे. त्याचे बीजाणू मातीबरोबर पोटात गेले तर सहसा काहीही होत नाही, पण तेच खोल, हवा न पोहोचणाऱ्या जखमेत गेले तर प्राणघातक ठरतात. आपल्या अहवालातील ई. कोलायसुद्धा आतड्यात आयुष्यभर बिनबोभाट राहणारा जिवाणू आहे. मूत्राशयात तो उपरा आहे, म्हणून त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते.

उपऱ्याला मूत्राशयात टिकणे सोपे नसते, आणि आपल्या प्रश्नाचा गाभा इथेच असल्यामुळे मी येथे थोडा जास्त थांबतो. लघवीचा प्रवाह दर काही तासांनी सगळे धुऊन नेतो. ज्याला आजार निर्माण करायचा आहे त्या जिवाणूला आधी अस्तराला चिकटावे लागते. त्यासाठी ई. कोलायच्या अंगावर केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात आणि त्यांच्या टोकावरील प्रथिन मूत्राशयाच्या पेशींवरील मॅनोज या शर्करेला पकडते. या पकडीची खुबी अशी की प्रवाहाचा ताण आला की ती सुटण्याऐवजी अधिक घट्ट होते. त्यानंतर काही जिवाणू थेट पेशीच्या आत शिरून तेथे वाढतात, जेथे लघवीचा प्रवाहही पोहोचत नाही आणि पांढऱ्या पेशीही सहजी पोहोचत नाहीत. मूत्रपिंडापर्यंत चढणाऱ्या वाणांकडे बहुधा तेथील पेशींना पकडणारे वेगळे तंतू असतात. शिवाय लोहाची गरज असते. शरीर आपले लोह प्रथिनांमध्ये बांधून ठेवते, आणि ते हिसकावून आणण्यासाठी जिवाणू लोहाला घट्ट धरणारे छोटे रेणू बाहेर सोडतो. काही वाण पेशींना छिद्रे पाडणारे विषही तयार करतात.

चिकटणे, आत शिरणे, अन्न मिळवणे आणि इजा करणे, या प्रत्येक कामाची हत्यारे वेगळी असतात आणि एकाच जातीच्या सर्व जिवाणूंकडे ती असतातच असे नाही. अहवालात 'ई. कोलाय' लिहिलेले असते तेव्हा ते आडनावासारखे समजावे. त्यावरून घराणे कळते, स्वभाव कळत नाही. एका मुलीच्या मूत्राशयात तीन वर्षे कोणताही त्रास न देता राहिलेल्या ई. कोलायच्या एका वाणाचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. त्याचे पूर्वज रोगकारक असावेत, पण मूत्राशयात मुक्काम करता करता चिकटण्याच्या तंतूंची त्याची जनुके गळाली किंवा निकामी झाली. तो लघवीतच वाढतो, अस्तराच्या वाटेला जात नाही, आणि त्यामुळे शरीरही त्याच्याविरुद्ध फारशी हाकाटी करीत नाही. पुढे संशोधकांनी हाच वाण काही रुग्णांच्या मूत्राशयात मुद्दाम सोडून, त्याने जागा अडवल्यामुळे त्रासदायक वाणांना अटकाव होतो का, हेही तपासले आहे. आपल्या मूत्राशयातील पाहुणा याच स्वभावाचा आहे असे मी अहवालावरून म्हणू शकत नाही, पण आपल्याला लक्षणे नाहीत ही गोष्ट त्याच दिशेने बोट दाखवते.

संख्येबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण '१ लाख' हा आकडा वाचून माणूस घाबरतो. अनुकूल वातावरणात ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. एका जिवाणूपासून सात तासांत वीस लाखांहून अधिक जिवाणू होऊ शकतात. त्यामुळे लाखाचा आकडा म्हणजे प्रचंड फौज नव्हे. ती केवळ एक सीमारेषा आहे, आणि नमुना घेताना त्वचेवरचे चार जंतू मिसळले असतील तर ते वेगळे काढावेत, एवढ्याचसाठी ती आखलेली आहे. नमुना प्रयोगशाळेत पोहोचण्यापूर्वी दोन-तीन तास बाहेर राहिला, तर बाटलीतच संख्या वाढून अहवाल फसवा होतो. (हा प्रकार आम्हाला जितका दिसतो तितका रुग्णांना कधीच कळत नाही.)

आता आजार प्रत्यक्ष कसा निर्माण होतो याकडे येतो. एक मार्ग विषाचा आहे, आणि त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण कॉलरा हेच. त्याचा जिवाणू आतड्याच्या भिंतीत शिरत नाही, ती फोडतही नाही. तो पृष्ठभागावर चिकटून एक विष सोडतो. शास्त्रज्ञ शंभू नाथ डे यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात सशाच्या आतड्यावरील प्रयोगांतून दाखवले की जिवाणू गाळून काढलेल्या द्रवानेही आतड्यात पाणी जमा होते, म्हणजे काम जिवाणूच्या अंगाचे नसून त्याच्या विषाचे आहे. ते विष पेशीच्या आतील एक नियंत्रक खटका 'चालू' स्थितीत अडकवून ठेवते, पेशी क्लोराइड बाहेर टाकत राहते आणि त्यामागोमाग पाणी जाते. तीव्र आजारात ताशी एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. रुग्ण दगावतो तो पाणी आणि क्षार गेल्यामुळे. पेशी मेलेल्या नसतात आणि ग्लुकोजबरोबर सोडियम आत घेण्याचे त्यांचे दुसरे दार उघडेच राहते; क्षार-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याचा रुग्ण वाचतो तो त्या दारामुळे. रोगाची यंत्रणा नेमकी कळली की उपचार किती साधा होऊ शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. गंमत अशी की या विषाचे जनुक जिवाणूचे स्वतःचे नाही. जिवाणूंनाच लागण करणाऱ्या एका विषाणूने ते त्याच्यात आणून ठेवले आहे. घटसर्पाच्या विषाचीही हीच गोष्ट.

विष कुठे काम करते यावर आजाराचे रूप ठरते. धनुर्वाताचे आणि बोटुलिझमचे (खराब झालेल्या अन्नातून होऊ शकणाऱ्या एका विषबाधेचे) विष जवळजवळ सारख्याच पद्धतीने मज्जातंतूंतील संदेशवहनाची प्रथिने कापतात. धनुर्वाताचे विष मज्जारज्जूतील लगाम घालणारे संदेश बंद पाडते, म्हणून स्नायू आखडून कमान होते. बोटुलिझमचे विष स्नायूंपर्यंत जाणारा संदेशच थांबवते, म्हणून स्नायू लुळे पडतात. धनुर्वाताचे विष इतके तीव्र आहे की आजार होण्यास पुरेशी मात्रा प्रतिकारशक्ती जागी करण्यास पुरत नाही, आणि त्यामुळे एकदा धनुर्वात होऊन बरा झालेल्या माणसालाही लस घ्यावी लागते.

दुसरा मार्ग बहुतेकांना अनपेक्षित वाटतो. पुष्कळ आजारांत नुकसान जंतूपेक्षा आपल्याच प्रतिकाराने अधिक होते. मूत्राशयाला सूज येऊन होणारी जळजळ, पू, ताप ही शरीराने उठवलेली हाक असते. ई. कोलायच्या बाह्य आवरणातील एक मेदयुक्त घटक पांढऱ्या पेशींना दिसला की त्या इशारा देणारे रेणू सोडतात, मेंदूतील तापमान-नियंत्रक आपला काटा वर सरकवतो आणि ताप येतो. हेच थोडक्यात राहिले तर उपयोगी असते. पण जिवाणू रक्तात पसरून तोच इशारा सर्व शरीरभर एकदम वाजू लागला, तर रक्तवाहिन्या सैल होतात, रक्तदाब कोसळतो, आणि एकेक अवयव काम थांबवतो. या अवस्थेला आपण सेप्सिस म्हणतो.

आपल्याच प्रतिकाराने नुकसान होण्याचे सर्वांत बोलके उदाहरण मला हिपॅटायटिस बी वाटते. त्याचा विषाणू यकृताच्या पेशींत वाढतो, पण स्वतः त्या पेशींना फारसा मारत नाही. लागण झालेल्या पेशी ओळखून त्यांना मारण्याचे काम आपल्याच पांढऱ्या पेशी करतात. प्रौढ माणसाची प्रतिकारयंत्रणा जोरात प्रतिसाद देते. त्याला कावीळ होऊ शकते, पण शंभरांतील पंचाण्णवाहून अधिक प्रौढ विषाणूमुक्त होतात. नवजात बाळाची यंत्रणा त्याला जणू घरचाच समजते. बाळाला कावीळ सहसा होत नाही, आणि त्यांतील सुमारे नव्वद टक्के बाळांच्या शरीरात विषाणू कायमचा राहतो, ज्याची किंमत यकृताला दशकांनंतर मोजावी लागते. म्हणजे येथे ज्याला लक्षणे अधिक त्याचे भवितव्य बरे, आणि जो शांत तो धोक्यात. म्हणून 'त्रास नाही म्हणजे काळजी नाही' हा नियम मी सर्व जंतूंना लावत नाही. आपल्या लघवीतील ई. कोलायला तो लावतो, कारण त्याचा पाठपुरावा करून झालेले अभ्यास तसे सांगतात.

क्षयाची तऱ्हा आणखी वेगळी आहे. भक्षक पेशी जिवाणूला गिळते, पण तो तिच्या पोटातील पचनाची प्रक्रियाच अडवून तेथे राहतो. शरीर त्याच्याभोवती पेशींची गाठ बांधून त्याला कोंडते. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना कधी ना कधी अशी लागण झालेली असते, आणि त्यांतील पाच ते दहा टक्के लोकांनाच आयुष्यात पुढे क्षयरोग होतो. एचआयव्ही, कुपोषण, मधुमेह किंवा प्रतिकार दाबणारी औषधे ही गाठ सैल करतात. फुफ्फुसात जी पोकळी पडते ती मुख्यतः प्रतिकाराच्या धुमश्चक्रीत ऊती विरघळल्याने. पोलिओतही हेच प्रमाणाचे कोडे दिसते: लागण झालेल्या दोनशेंपैकी साधारण एकालाच लुळेपणा येतो, आणि बहुतेकांना काहीही जाणवत नाही. बुरशींविषयी एवढेच म्हणतो की आपण त्यांचे बीजाणू रोज श्वासातून घेतो आणि त्या गंभीर आजार करतात तो प्रामुख्याने दुबळ्या झालेल्या शरीरात.

आता पुन्हा आपल्या अहवालाकडे. आपल्याकडे जंतू आहे, वस्तीही आहे. ऊतींमध्ये शिरकाव झाल्याचे किंवा शरीराने हाक उठवल्याचे लक्षण नाही. आपण लिहिले आहे की अहवालात थोड्या पूपेशीही (म्हणजे लघवीत उतरलेल्या पांढऱ्या पेशी) आहेत. त्यामुळे मत बदलत नाही, कारण लक्षणांविना जंतू बाळगणाऱ्या अनेकांच्या, विशेषतः वयस्क व्यक्तींच्या, लघवीत पूपेशी दिसतात. लघवीचा रंग गढूळ असणे किंवा तिला वास येणे यावरूनही मी औषधाचा निर्णय होऊ देणार नाही.

'घेऊन टाकले औषध, तर बिघडले काय' हे घरच्यांचे म्हणणे मात्र मला खोडावे लागेल. प्रतिजैविक फक्त मूत्राशयात जात नाही. ते आतड्यातील निरुपद्रवी वस्तीही उठवते, आणि रिकाम्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलसारखा जिवाणू वाढून तीव्र जुलाब करू शकतो. वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग होणाऱ्या तरुण स्त्रियांच्या एका अभ्यासात तर, लक्षणांविना सापडलेल्या जंतूवर उपचार घेतलेल्या स्त्रियांना पुढे त्रासदायक संसर्ग उपचार न घेतलेल्यांपेक्षा अधिक वेळा झाले. शांत पाहुण्याला हाकलल्यावर त्याच्या जागी कोण येईल हे आपल्या हातात नसते, आणि जो येतो तो पुष्कळदा त्या औषधाला दाद न देणारा असतो.

उपचार न करण्याचे ठरले तर 'गेला का' हे पाहण्यासाठी पुन्हा कल्चर करून घेऊ नका. तो बहुधा पुन्हा सापडेल आणि आपण याच प्रश्नाशी परत येऊन थांबाल. अहवाल मात्र जपून ठेवा, कारण पुढे कधी खरोखर गरज पडली तर जुनी नोंद डॉक्टरांना उपयोगी पडते. लघवी करताना जळजळ, ओटीपोटात दुखणे, वारंवार घाई, थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणे किंवा लघवीत रक्त, यांपैकी काही सुरू झाले तर औषध घेण्यापूर्वी नवा नमुना द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. थंडी-ताप आणि कमरेचे दुखणे एकत्र आले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.